दोन काचांची वाटणी

मी बस आगाराच्या तिकीट खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी लोकांवर. त्यामुळे घरी आल्यावर मला शांतता लागते. पण शांतता कसली, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण आमच्याकडे एक शांतता कित्येक वर्षं मुक्काम ठोकून बसली होती आणि तिनं माझा जीव नुसता नकोसा करून टाकला होता. माझी आई आणि तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, एकमेकींशी बोलत नव्हत्या.

राहायच्या मात्र एकाच रस्त्यावर. रस्त्याच्या या टोकाला आमचं घर, त्या टोकाला मावशीचं दुकान आणि दुकानाच्या वर तिची खोली. रस्ता सरळसोट, आमच्या गच्चीवरून तिच्या दुकानाची पायरी दिसते. मधे फक्त मी. "तिला सांग, पाणी उद्या येणार नाही." "तिला म्हणावं, मला माहितेय." असं माझं आयुष्य गेलं. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं, एक मूल मधल्या निरोपांसाठी ठेवलेलं असतं.

मावशी शिलाई मशीनं दुरुस्त करायची. चांगली उंचपुरी बाई, आवाज सांगावा तर रस्त्याच्या या टोकाला ऐकू यावा असा, आणि हातात सतत एक स्क्रू ड्रायव्हर. कानावर पेन्सिल खोचावी तसा ती तो अंबाड्यात खोचायची आणि मग दुकानभर शोधत हिंडायची. "चिमणे, माझा पेचकस पाहिलास का गं?" मी चाळिशी ओलांडलीय, माझं वजन विचारू नका, पण मावशीसाठी मी अजून चिमणी. मी तिच्या डोक्याकडे बोट दाखवायचे आणि ती इतकी हसायची, की समोर मशीन घेऊन बसलेलं गिऱ्हाईक आपलं काही चुकलं का म्हणून कावरंबावरं व्हायचं. हसणं हा मावशीचा रोगच होता. न्हाव्याकडून आलेल्या माणसाला पाहून हसायची, लग्नात मुलगी निघाली की सगळे रडताना हिला हसू फुटायचं. आणि हेच हसू सगळ्याला कारण झालं, ते पुढे येईल.

आई शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे. तिचं मशीन बिघडलं की मी ते पिशवीत घालून मावशीच्या दुकानात न्यायचे, ठेवायचे, दुसऱ्या दिवशी आणायचे. मावशी ते असं दुरुस्त करायची की आणखी दोन गोष्टी न सांगता नीट झालेल्या असायच्या. आई म्हणायची, "हं." एवढंच. मशीनशी दोघींचाही अबोला नव्हता.

आता भांडण कशावरून, तर वाटणीवरून. माझे आजोबा हवामान खात्यात होते. त्यांच्याकडे एक जुनी पितळी दुर्बीण होती, माणसाच्या हाताहून लांब, लाकडी तिपाईवर बसणारी. ढग नसले की संध्याकाळी ते ती गच्चीत मांडत आणि गल्लीतल्या सगळ्यांना चंद्र दाखवत. आजोबा गेले, भाड्याचं घर रिकामं करायची वेळ आली, आणि या दोघी बहिणी सामान वाटायला बसल्या. भांडायचं नाही असं ठरवून बसल्या, तेच नडलं. सगळं अर्धं-अर्धं. खुर्च्या अर्ध्या-अर्ध्या. ताटं अर्धी-अर्धी. मोठी सतरंजी होती ती मधोमध कापली, आणि आईनं बसल्या बैठकीला दोन्ही तुकड्यांच्या कडा शिवूनसुद्धा दिल्या. शेवटी राहिली दुर्बीण. नळी आणि तिपाई मावशीनं घ्यायची, कारण आमच्याकडे जागा नव्हती. मग आईला काय? मावशीनं अंबाड्यातला स्क्रू ड्रायव्हर काढला, पुढची पितळी कडी फिरवली, आणि आतून दोन काचा निघाल्या. तळहाताएवढ्या, गोल. बहिणी दोन, काचा दोन. दोघींना वाटलं, वा, आजोबांनी सोयच करून ठेवलीय.

मावशी म्हणाली, "छोटे, तू धाकटी, आधी तू निवड." आईनं उचलून पाहिल्या आणि जी जड होती ती घेतली. जड म्हणजे चांगली, दुसरं काय! घरी जायच्या आधीच तिनं ती डोळ्यापुढे धरली तर सगळं लहान दिसायला लागलं. खिडकी काडेपेटीएवढी. मावशीची काच धरली तर सगळं मोठं. ती मावशीला परत दिली आणि आईचा चेहरा पडला. आणि त्याच क्षणी मावशी खदखदून हसली.

झालं. आई तिथून जी निघाली ती निघालीच. "तिला माहीत होतं. मला आधी निवडायला लावलं आणि फसल्यावर हसली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवेन. आणि मावशीला विचारावं तर ती म्हणायची, "मी त्याला हसलेच नव्हते. पण ती ऐकून घेईल तर ना!" कशाला हसलीस मग? तर म्हणायची, "ते तिलाच सांगेन. तुला कशाला सांगू?" दोघीही एकसारख्या हट्टी, एकाच कापडातून कापलेल्या.

मावशीनं तिची काच कामाला लावली. सुई ओवताना, बारीक स्क्रू बघताना ती हातात धरायची. डोळे अधू झाले तरी चष्मा घ्यायला तयार नाही, "माझ्याकडे बाबांची काच आहे." आईनं तिची काच कुठे ठेवली ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं फेकली असेल.

तर असं सगळं सुरळीत बिघडलेलं चाललं होतं. आणि मग मावशीनं दुकान बंद करायचं ठरवलं. हात थरथरायला लागले होते. मावसभाऊ दूरच्या शहरात नोकरीला, तो म्हणाला, आई, महिनाअखेरीला मी गाडी घेऊन येतो, तू माझ्याकडे चल. मावशी हो म्हणाली. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं पायडल थांबवलं नाही. "बरं," म्हणाली. पण त्या दिवशीचा गणवेश तिनं उलटा शिवला, खिसा आतल्या बाजूला.

निरोप्या म्हणून मी वैतागले होते खरी, पण या दोघी आता दोन शहरांत न बोलता राहणार आणि तशाच एक दिवस संपणार, हे माझ्याच्यानं सहन होईना. समोरासमोर राहून तोंड उघडलं नाही, तर लांब गेल्यावर काय उघडणार?

दुकान आवरताना माळ्यावरून दुर्बिणीची नळी खाली आली. काळी-हिरवी झालेली, कोळिष्टकांनी गुंडाळलेली. मला वाटलं मावशी भंगारवाल्याला देईल. तिनं ती मांडीवर आडवी घेतली, पदरानं पुसली आणि म्हणाली, "चिमणे, जायच्या आधी एकदा चंद्र बघते. बाबांसारखा."

मग काय विचारता! बाई सामान बांधायचं सोडून दुर्बिणीच्या मागे लागली. मी आगारातून सुटले की सरळ तिच्याकडे. नळीत फुंकर मारली तर आतून माती पडली. कुंभारमाशीनं आत घर बांधलं होतं, चांगलं दोन खणांचं. मावशी म्हणाली, "हिनं तरी वापरली." डोळ्याकडची नळी दात्यांवर पुढं-मागं सरकायला हवी, ती गच्च बसलेली. जुनं ग्रीस मेणासारखं झालं होतं. मशीनला लावतात तसं तिनं तिथे घासलेट सोडलं, चिंधी गुंडाळली आणि म्हणाली, "आता हिला झोपू दे." दुसऱ्या दिवशी चाक फिरवलं तर नळी कुरकुरत एक दाता पुढं सरकली. मावशी ओरडली, "आली! आली!" शेजारचा पिठाच्या गिरणीवाला धावत आला, त्याला वाटलं कोणी पाहुणी आली. एक स्क्रू हरवला होता, तिथे तिनं शिलाई मशीनचा स्क्रू घासून बसवला. पितळ चकचकीत करायचं नाही असं तिनं ठरवलं. हिरवं काढलं, तेलाचा हात दिला, बस. "म्हातारी दिसू दे. आहेच." नळी आतून काळी रंगवली. तिपाईचे पाय घट्ट केले. दुर्बीण उभी राहिली तेव्हा दुकानात येणारा प्रत्येक जण आधी तिला हात लावायचा आणि मावशी प्रत्येकाच्या हातावर चापट मारायची.

मग तिनं आपली काच पुढे बसवली, दुर्बीण दारातून समोरच्या टाकीवर लावली आणि डोळा लावला.

नुसतं धुकं.

चाक पुढं फिरव, मागं फिरव. धुकंच. काच पूस, परत लाव. धुकं. मावशीनं काच बाहेर काढून हातात धरली, मागे कागद धरला, आणि कागदावर समोरच्या दाराचं चित्र उमटलं, छान स्वच्छ. पण ते चित्र काचेपासून हातभरसुद्धा लांब नव्हतं, आणि नळी तर त्याच्या दुपटीहून लांब. मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "चिमणे, ही नळी या काचेच्या मापाची नाहीच. दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं झालंय."

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्यानं काच आणि पुढची कडी दोन्ही उलटसुलट पाहिली आणि सहज म्हणाला, "ही जोडी आहे. एक फुगीर, एक खोलगट. फुगीर काच उजेड फार लवकर गोळा करते आणि कडांना रंग आणते. खोलगट तिला आवरते. मग दोघींचं मिळून लांबवर नीट चित्र पडतं. दुसरी कुठाय?"

मी मावशीकडे बघितलं, ती माझ्याकडे. इतकी वर्षं आई म्हणत होती की तिला वाईट काच मिळाली. आणि इकडे ही म्हणत होती की मला काय, साधं भिंग. एकटी कुठलीच काच कामाची नव्हती. चष्मेवाल्यानं तेवढ्यात मावशीचे डोळे तपासून टाकले आणि चष्मा करायला टाकला, ती इतकी गप्प झाली होती की नाही म्हणायचं विसरली.

रस्त्यात म्हणाली, "आईकडून आण ना काच."

"तू माग."

"ती नाही द्यायची. तू सांग तिला."

घरी गेले. आईला सांगितलं. आईनं कात्री खाली ठेवली. "अस्सं. आता आठवली होय माझी काच? तिला सांग, हवी असेल तर स्वतः येऊन माग." मी रस्त्याच्या त्या टोकाला. मावशी म्हणाली, "तिला सांग, मी थोरली आहे, मी नाही जायची. आणि तिला हेही सांग की मी त्याला हसले नव्हते." मी रस्त्याच्या या टोकाला. आई म्हणाली, "तिला सांग, खोटं बोलू नकोस." मी परत त्या टोकाला निघाले आणि मधेच, दुधाच्या केंद्रासमोर, माझं डोकं फिरलं. तिकीट खिडकीवर जेवढं फिरतं त्याच्याहून जास्त. तिथूनच उलटी फिरले. आईच्या पुढ्यात उभी राहिले आणि म्हणाले, "आजपासून पोस्ट बंद. एक निरोप नेणार नाही, एक आणणार नाही. मशीनही नेणार नाही. तुम्ही दोघी आणि तुमच्या काचा." तेच मावशीला फोनवर सुनावलं. मावशी म्हणाली, "अगं पण चिमणे..." मी फोन ठेवला.

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पण दिवस जात होते. मावशी खोकी भरत होती. मी रोज गच्चीवर जाऊन तिकडे बघायचे. संप मीच केलेला, मोडायचा कसा?

मोडलं मशीन. शाळा सुरू व्हायला आलेली, गणवेशांचा ढीग कॉटवर, आणि आईच्या मशीननं धागा तोडायला सुरुवात केली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होते. आईनं मोठ्यानं श्वास सोडला. मी पान उलटलं. शेवटी तिनं मशीनचं डोकं काढलं, पिशवीत घातलं, कपाटाच्या तळाशी हात घालून आणखी काहीतरी काढून ब्लाउजच्या कापडात गुंडाळलं, आणि चपला घातल्या. मी चपला न घालता मागे गेले, राहवेचना.

दुकानात आई आत गेली आणि मशीन टेबलावर ठेवलं. मावशी समोर. दोघींनी एकमेकींकडे न बघता मशीनकडे बघितलं. मग आई मशीनला म्हणाली, "धागा तोडतंय."

मावशी मशीनला म्हणाली, "बघते."

मी दारात उभी राहून ओठ दाबून धरले. मावशीनं मशीन उघडलं, आत फुंकर मारली, काहीतरी चिमटीत धरून बाहेर काढलं, नव्या चष्म्यातून सुई ओवली, चाक फिरवलं. टाके सरळ. मग आईनं ते गुंडाळलेलं कापड पुढे सरकवलं. मशीनच्या शेजारी ठेवलं, मावशीच्या हातात नाही.

मावशीनं उलगडलं. आईची काच. आणि काय सांगू, स्वच्छ म्हणजे आरशासारखी! एक ओरखडा नाही, एक डाग नाही. मावशीची काच तिच्यापुढे बिचारी दिसत होती, रोजच्या वापरानं चरे पडलेली. मावशी आईकडे बघत राहिली. आई मशीनला म्हणाली, "दर आठवड्याला पुसते. खिडकीत बसून बघते कधी कधी. सगळा रस्ता मावतो त्यात. दुकानसुद्धा." शेवटचं वाक्य तिनं इतक्या हळू म्हटलं की मशीनलाही ऐकू गेलं नसेल.

मावशीनं दोन्ही काचा कडेला कडा लावून उजेडात फिरवल्या. मग थांबली. कडेवर पेन्सिलची एक पुसट खूण होती. अर्धी एका काचेवर, अर्धी दुसरीवर. फिरवत फिरवत दोन्ही अर्धी जुळली आणि बाणासारखं टोक झालं. ज्यानं कोणी ती दुर्बीण बनवली त्यानं या काचा कशा बसवायच्या ते सांगून ठेवलं होतं. या दोघींनी वाटणी केली तेव्हा बघितलंच नव्हतं. चष्मेवाल्यानं सांगितलं होतं की काचा एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, कडेला तीन ठिकाणी चांदीच्या कागदाचे इवलेसे तुकडे ठेवायचे. मावशीचे हात थरथरत होते. आईनं कात्री काढली, चहाच्या पाकिटाच्या आतला कागद कापला, नखाएवढे तीन तुकडे, अगदी एकसारखे, आणि बोटाच्या टोकानं एक एक बसवला. मावशीनं वर दुसरी काच ठेवली. कडी फिरवली.

संध्याकाळी गिरणीवाल्यानं आणि मी मिळून दुर्बीण आमच्या गच्चीवर चढवली, कारण आभाळ तिथून मोकळं. सूर्य अजून मावळायचा होता. अर्धा चंद्र आधीच डोक्यावर पांढरा. पण मावशी म्हणाली आधी जमिनीवरचं काहीतरी बघू. तिनं नळी लांबच्या एका गच्चीवर लावली, चाक फिरवलं, आणि बाजूला झाली. आईकडे बघून नाही, आभाळाकडे बघून म्हणाली, "ज्याला बघायचंय त्यानं बघावं."

आईनं डोळा लावला. मग ती ताठ झाली. "अगं, तिला सांग, काच चुकीची बसलीय. समोर एक बाई कपडे वाळत घालतेय आणि ती उलटी लटकतेय. डोकं खाली, पाय वर. दोरीसकट."

आणि मावशी हसली. पोट धरून हसली. तेच हसू. मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. आईचा रंग उडाला होता, ओठ मिटले होते. ती वळली आणि जिन्याकडे निघाली. मला वाटलं, संपलं. आता काही होत नाही.

"छोटे!" मावशी ओरडली. रस्त्याच्या त्या टोकाला गेला असेल आवाज. आई थांबली. कित्येक वर्षांत मावशीनं तिला हाक मारली नव्हती. "छोटे, दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. बाबा काय म्हणायचे, आठव. चंद्राला त्याची वरची बाजू कुठली ते कळत नाही, म्हणून त्याला चालतं! आणि त्या दिवशी मी काच हात लांब करून धरली होती. तू समोर उभी होतीस, गाल फुगवून. आणि मला तू त्या काचेत अशीच दिसलीस. छतावर उभी. वेणी वर, पाय आढ्याला. रागावलेली, आणि उलटी. मी काय करू? मला हसूच फुटलं. तुझ्या काचेचं मला काही माहीत नव्हतं गं. सांगायला आले तर तू दार लावून घेतलंस."

आई कठड्याला धरून उभी. "खोटं," ती म्हणाली. पण ते मावशीला म्हणाली. सरळ तिला.

"खोटं? थांब तू." मावशी साडी वर खोचून जिना उतरली. या वयात ती रस्त्यावरून धावत गेली म्हटलं तरी चालेल. दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. मी नळी वळवली, चाक फिरवलं, आणि आईला म्हटलं, "बघ." निरोप नव्हता तो, नुसतंच बघ.

आईनं डोळा लावला. रस्त्याच्या त्या टोकाला, दुकानाच्या पायरीवर, मावशी. डोकं खाली, पाय वर. गाल फुगवलेले, दोन्ही हात कमरेवर, त्या दिवशी आई उभी होती तशी उभी. मग तिला तोल सावरेना, अंबाड्यातला स्क्रू ड्रायव्हर निसटला आणि आईला तो वर पडताना दिसला.

आईच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं ती रडते. नाही हो! हसत होती. खांदे गदगदत होते, डोळा दुर्बिणीवरून हलत होता आणि ती परत लावत होती. "अगं आई गं," म्हणत होती, "अगं, ताई! पडला तो! वर पडला!" आणि मग दोन्ही हात हलवून गच्चीतून ओरडली, "ताई! ये वर! चंद्र बघू!"

मी खाली बसले. खरंच बसले, गच्चीच्या गरम फरशीवर, आणि रडले. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

उजेड कमी झाला तसा चंद्र पिवळा झाला. मावशीनं तो पकडला. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर खड्डे, डोंगर, त्यांच्या काळ्या सावल्या, जणू कोणी हाताशी आणून ठेवलेत. माझा नंबर आला तेव्हा मी एवढंच म्हणू शकले, "अय्या." चंद्र दुर्बिणीत थांबत नाही, हळूहळू सरकून कडेबाहेर जातो, आणि दर वेळी आई ओरडायची, "ताई, पळाला! धर त्याला!" आणि मावशी नळी ढकलून परत आणायची. "पळाला!" "धरला!" शेजारचे सगळे वर आले. आजोबांच्या वेळेसारखी रांग लागली.

उरलेले दिवस दोघी बोलत होत्या. इतक्या बोलत होत्या की मला घरात शांतता मिळेना. आईनं दुर्बिणीला जाड कापडाची खोळ शिवली. मावशी म्हणाली, दुर्बीण इथेच राहू दे, तिकडे गच्ची नाही. आई म्हणाली, "मग वाटणी परत करू." मी कपाळाला हात लावला. पण आईनं काचांना हात लावला नाही. डोळ्याकडे आलटूनपालटून लावायची जी भिंगं दुर्बिणीसोबत होती, त्यांपैकी सर्वांत मोठं दाखवणारं काढलं आणि मावशीच्या हातात ठेवलं. "हे तू ने. चंद्रावरचे डोंगर नीट बघायचे असले की तुला यावंच लागेल."

महिनाअखेर आली. मावसभाऊ गाडी घेऊन आला. मावशी सकाळी आमच्याकडे येऊन गेली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि दोघींनीही एकमेकींना उगीच दटावलं. गाडी निघताना बघायला दारात उभं राहणं आईला जमणार नव्हतं. ती गच्चीवर गेली. मी मागे. तिनं खोळ काढली आणि नळी रस्त्याच्या त्या टोकाला लावली.

"खोकी चढवतायत," आई सांगत होती. "ताई बाहेर आली. हातात पुठ्ठा आहे गं एक. वर धरलाय. तो आला, मुलगा, तिच्या हातातून घेऊन उलटा करतोय. अगं, तिनं त्याला चापट मारली! परत तसाच धरला."

मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं. पुठ्ठ्यावर काहीतरी मोठं लिहिलेलं, पण उलटं धरलेलं. येणारेजाणारे थांबून बघत होते, ही म्हातारी खुळी झाली की काय म्हणून. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दुर्बिणीत ते सरळ दिसत होतं. फक्त दुर्बिणीत.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

आईला वाचायला वेळ लागला. डोळ्यांत पाणी असलं की दुर्बीण काय करणार! "छोटे, हस," ती म्हणाली. "एवढंच. छोटे, हस." आणि हसली, नाक पुसत, रडत, सगळं एकदम. मग सवयीनं माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिला सांग..."

आणि थांबली.

"नको," आई म्हणाली. "मी सांगते. तिचा नंबर दे."

इतक्या वर्षांत तिच्याकडे बहिणीचा फोन नंबरच नव्हता. मी सांगितला, तिनं लावला. दुर्बिणीवरचा डोळा मात्र काढला नाही. तिकडे रस्त्याच्या टोकाला मावशी पुठ्ठा काखेत मारून पिशवीत फोन शोधत होती, आणि आईला ती दिसत होती.